तानीचा पाय

आंबा मी खात नाही. साठ वर्षं हापूसच्या कलमांत काढली, पण खात नाही. भागीरथी, माझी बायको, दर वर्षी पहिल्या पिकल्या फळाची फोड माझ्या ताटात वाढायची. मी ती कडेला सारायचो. ती उचलून घ्यायची आणि स्वतः खायची. गेल्या भाद्रपदात ती गेली. यंदा ताटात फोड नाही, सारायचं काम नाही. जेवण लवकर आटपतं.

आंब्याचा हंगाम परत आला आहे. हातखंब्याच्या नाक्यावर ट्रक उभे राहायला लागले. खालच्या बागेत पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज सकाळपासून चालू असतो. सुक्या पेंढ्याचा वास येतो, आणि त्या वासाच्या खाली दुसरा एक वास. चिकाचा. देठ मोडला की आंब्यातून पातळ पाण्यासारखा चीक उडतो, त्याचा. ज्यांनी आंबा फक्त बाजारात बघितला त्यांना तो ठाऊक नसतो. जरा रॉकेलसारखा, जरा कोवळ्या कैरीसारखा, नाकातून थेट डोक्यात जातो. तो वास आला की माझी नजर आपोआप पोरांच्या पायांकडे जाते. परवा शेजारच्या चिमुरडीच्या घोट्यावर काळा डाग दिसला. तिला हाताला धरून उन्हात नेली, पाय वर करून बघितला. रस्त्याचं डांबर होतं. पोरगी घाबरून रडायला लागली. तिची आई म्हणाली, "आजोबा, तुमचं आपलं कायतरीच!" मी घरी आलो. तिला काय सांगणार.

लिहायचा मला सराव नाही. मराठी तिसरी झाली आणि बापसानं शाळेतून उचलून बागेत घातला. पण ही गोष्ट माझ्याकडून लबाडीनं सांगितली गेली आहे, म्हणजे सांगितलीच गेली नाही, आणि आता ती सरळ करायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

तेव्हा फळ्यांच्या पेट्या नव्हत्या. तिसाव्या सालाच्या आगेमागे म्हणतो मी. तेव्हा बांबूच्या करंड्या. कामट्यांच्या विणलेल्या, आत भाताचा पेंढा, पेंढ्यावर आंबे, वर परत पेंढा. पेंढा नीट दाबून बसला नाही तर मुंबईपर्यंत आंबा आत लोळतो आणि काळा पडतो. मोठ्या माणसाच्या पायानं करंडीचं बूड फाटतं, हातानं दाबलं तर बसत नाही. म्हणून आमच्याकडं ते काम लहान पोरांचं. पोर करंडीत उभं करायचं आणि म्हणायचं, नाच. माझी तानी सात वर्षांची होती, वजनानं चिमणी. तिच्यासारखा पेंढा कोणी बसवत नसे. मी करंडी पुढं सारायचो, ती उडी मारून आत, चार गिरक्या, की बाहेर. पुढची करंडी. बागेतले गडी म्हणायचे, "तानीचा नाच नसेल तर आंबा रुसतो." ती फुगायची. मीसुद्धा फुगायचो. तिच्या आधीची दोन आमची राहिली नव्हती. ही एकच.

आंबे काढून, भरून, बैलगाडीनं मिरकरवाड्याच्या किनाऱ्यावर. तिथून पडावात घालून खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीवर. बोट कोणासाठी थांबायची नाही. त्या दोन महिन्यांत आमचं जगणं बोटीच्या भोंग्याला बांधलेलं. पोटात सतत एक घाई. पाऊस सुरू झाला की बोटी बंद, म्हणजे आमचं सगळं बंद. त्या घाईत माणूस ऐकेनासा होतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

एका सकाळी तानी करंडीतून बाहेर आली ती लंगडत. म्हणाली, "बाबा, टोचला." पायाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याच्या मागं, तांदळाएवढा ओरखडा. त्याच्याभोवती चिकाचा काळा डाग. मी लांबूनच बघितला आणि म्हणालो, "चीक लागलाय. सगळ्यांनाच लागतो."

आणि लागतोच. हंगामात आमच्या सगळ्यांच्या अंगावर चिकाचे डाग असतात. गालावर, मनगटावर, पोटऱ्यांवर. कातडी भाजल्यासारखी होते, काळी पडते, खपली धरते, हंगाम संपला की जाते. चिकाच्या जागेला पाणी लावायचं नाही, लावलं तर पसरतो, असं आमच्या बापानं सांगितलेलं, त्याला त्याच्या बापानं. वर तेल लावून सोडून द्यायचं. बागेतल्या माणसाला चैत्र-वैशाखात अंगावर काहीही उठलं तरी तो म्हणणार, चीक. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच येत नाही.

तेल म्हणजे कोकमाचं. बियांचं काढून त्याचे पांढरे गोळे वळून ठेवतात, हाताला मेणासारखे लागतात. पायाच्या भेगांत मी ते गरम करून भरायचो. पळीत वितळवलं, कढत असतानाच थेंब थेंब भेगेत सोडलं की वर घट्ट बसतं. भेग बुजते, त्यात माती जात नाही. माझ्या टाचांना त्याचाच आधार होता. म्हणून त्या संध्याकाळी मी चुलीवर पळी धरली, तानीचा पाय मांडीवर घेतला आणि तिच्या ओरखड्यावर तेल सोडलं. ती किंचाळली. मी म्हणालो, "बागवाल्याची पोर ना तू?" थेंबावर थेंब सोडून मी ते तोंड असं बंद केलं, की मुंगी आत गेली नसती. वर धडपा बांधला. रोज सोडत होतो. रोज ती माझ्या हाताकडं बघायची, पळीकडं नाही.

चौथ्या दिवशी भागीरथी म्हणाली, "अवो, चीक असा ठणकत नाय. रातभर पोरगी कण्हते."

"तुला काय कळतं? माझा जन्म गेला चिकात."

"तुमचा जन्म गेला, पोरीचा जायला नको. दवाखान्यात नेऊया."

"दवाखान्यात नेलेल्या माणसाचा पाय परत येतो काय? तो पलीकडल्या वाडीतला बघ, कुबडीवर फिरतोय."

ती चुलीशी जाऊन बसली. चूल एवढ्या जोरानं फुंकली की राख माझ्या अंगावर आली.

पुढचे दिवस मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तानीचा पाय करंडीत बसेना एवढा सुजला. ती नाचेनाशी झाली आणि दुसरी एक पोर त्या कामाला लावली. तानी कलमाखाली गोणपाटावर पडून तिला बघायची. मी म्हणायचो ऊन लागलंय. अंग तापायचं, तरी मी तेच म्हणायचो. आमची म्हातारी, म्हणजे माझी आई, मीठमोहरी ओवाळून टाकायची. जांघेत लिंबाएवढा गोळा आला. आमच्याकडं त्याला अवधाण म्हणतात. मी तोही हातानं चाचपला आणि म्हणालो, उतरेल. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला भीती वाटली होती. पण भीती वाटल्यावर काही माणसं धावतात आणि काही माणसं आपलंच म्हणणं जास्त मोठ्यानं म्हणतात. मी दुसऱ्या जातीचा.

अकराव्या दिवशी बोटीचा माल होता. पहाटे गाडी जुंपली तर भागीरथी तानीला उचलून करंड्यांच्या मागं चढून बसलेली. विचारलं नाही, सांगितलं. "दवाखान्यात चाललोय आमी."

मी म्हणालो, "आधी बंदर. बोट थांबायची नाय."

ती म्हणाली, "पोर थांबेल काय?"

मी बैलांना हाकललं. आधी बंदराकडंच हाकललं. हे वाक्य लिहायला मला आज अर्धा दिवस लागला.

मिरकरवाड्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. किनाऱ्यावर नेहमीचा गोंगाट. मासळीच्या पाट्या, जाळी, खलाश्यांच्या शिव्या, समोर बोट धूर सोडत उभी. कादरभाई आमच्या पडावाचा तांडेल. पाच-सहा हंगाम त्याच्याकडंच आमचा माल. तानीवर त्याची माया, येताना खिशात तिच्यासाठी शिंपले आणायचा. "काय गो शेठाणी, आज तू पन मुंबईला काय?" म्हणत त्यानं तिला गाडीतून उचलली. त्याचा हात तिच्या मांडीला लागला आणि ती अशी ओरडली की पाट्या घेऊन चाललेल्या बायका थांबल्या.

त्यानं तिला जाळ्यांच्या ढिगावर ठेवली. धडपा सोडला. मग वास आला. जखमेपासून घोट्याच्या वर, पोटरीवरून गुडघ्याकडं एक तांबडी रेघ गेली होती. काल ती नव्हती. किंवा काल मी बघितली नव्हती.

"काय लावलंस हेच्यावर?"

"कोकमतेल. चीक लागलाय."

"चीक?" कादरभाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं गेलो. "अरे डोळे हायत का भोकं? आत काटा हाय. शिंगाळा मासा हातात काटा मोडतो ना, वरून तोंड मिटला की आत सडतो. आमी तोंड मिटू देत नाय. आणि तू वरून टाळा लावलास!"

"बोट..." मी म्हणालो.

"बोटीच्या आयला! मी बघतो करंड्या. तू पोर उचल."

उचलली. मिरकरवाड्यापासून सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी कधी मोजला नाही, पण त्या दिवशी तो वाढला होता. भागीरथी पुढं, मी मागं, तानीचं डोकं माझ्या खांद्यावर. तिचा श्वास मानेला लागत होता, भट्टीसारखा. ती बडबडत होती, करंडी आणा, करंडी आणा. मागून बोटीचा भोंगा झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडं वळून बघितलं नाही.

दाक्तर तरुण होता, घाईत होता. पाय बघितला, नाडी धरली आणि मला विचारलं, "किती दिवस झाले?"

मी म्हणालो, "दोन-तीन."

का म्हणालो? लाज वाटली. दुसरं काही नाही. भोवती माणसं होती, एक नर्सबाई होती, आणि मी तोंडातून अकरा काढू शकलो नाही. दाक्तर म्हणाला, तीन दिवसांचं असेल तर पोटीस बांधून उद्यापर्यंत वाट बघू, पिकू दे, मग फोडू. नर्सबाई वळलीसुद्धा.

तेव्हा भागीरथी पुढं आली. परक्या पुरुषासमोर कधी मान वर न करणारी बाई. म्हणाली, "अकरा दिवस झाले, साहेब. यांना ठाव नाय. हे बागेत असतात. मी कोकमाचं कढत तेल सोडलं रोज. मी बंद केलं तोंड."

दाक्तरानं तिला झोडपलं. शब्दांनी, पण झोडपलंच. आई आहेस का कोण आहेस, जनावरालासुद्धा कळतं, पोर मेली असती तर कोणाला तोंड दाखवलं असतंस. ती खाली बघत उभी राहिली. मी तिच्या शेजारी होतो. माझ्या बोटांना आदल्या दिवशीच्या तेलाचा वास तेव्हाही होता. दाक्तर जवळ आला तसा मी हात पाठीमागं घेतला.

त्यानं वाट बघितली नाही. लगेच टेबलावर घेतली. बाहेर बाकावर आम्ही दोघं. आतून तानी एकदा "आये!" म्हणाली, मग औषधाचा गोड वास आला आणि गप्प. बऱ्याच वेळानं नर्सबाईनं एका वाटीत कापूस आणून दाखवला. त्यावर बांबूची काट्यासारखी कूस होती. करंडीच्या कामटीची, अर्ध्या बोटाएवढी, काळी पडलेली. माझ्याच हातानं विणलेल्या करंडीची. भागीरथीनं बघितली आणि तोंड फिरवलं.

पण एवढ्यानं संपलं नव्हतं. विष वर चढलं होतं. दाक्तरानं तानीच्या मांडीवर, गुडघ्याच्या वीतभर वर, जांभळ्या औषधानं एक आडवी खूण ओढली. म्हणाला, लाली ह्या खुणेच्या वर गेली तर पाय काढावा लागेल. नाही काढला तर पोर जाईल. आता औषधं निघाली आहेत, सुई टोचली की दोन दिवसांत उतार. तेव्हा ती नव्हती. तेव्हा धुवायचं, शेकायचं आणि बघत बसायचं.

मी सकाळी बागेत आणि दुपारी दवाखान्यात. दारातून आत शिरलो की पोरीच्या तोंडाकडं आधी बघत नसे. आधी खूण. जांभळी खूण आणि तिच्या खाली लाल कातडी, भरतीचं पाणी चढावं तशी चढणारी. एके दिवशी दोन बोटं खाली. दुसऱ्या दिवशी एक बोट. तिसऱ्या दिवशी लाली खुणेला टेकली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा भागीरथीच्या तोंडाकडं बघितलं. ती तानीच्या पायावर फडक्याची घडी दाबत होती, बदलत होती, दाबत होती. तिच्या हाताची कातडी गरम पाण्यानं पांढरी पडून सुटली होती. मी म्हणालो, "मी दाबतो." ती म्हणाली, "तुमी नको." एवढंच. त्या दोन शब्दांनंतर जन्मभर तिनं मला काही सुनावलं नाही.

चौथ्या दिवशी लाली एका जागी खुणेच्या वर गेली. करंगळीएवढी. दाक्तर आला, वाकून बघितलं, बोट लावून बघितलं आणि म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघतो. त्यानं दुसऱ्या माणसाला काहीतरी तयारी सांगितली. मी बाहेर आवारात जाऊन उकिडवा बसलो. देवाला काय बोललो ते लिहीत नाही. नवस नव्हता. नवस बोलायला तोंड लागतं. पाय ठेव म्हणू की पोर ठेव म्हणू, ह्यातच अडकलो. पाय गेलेली मुलगी आमच्या वाडीत कशी जगेल, कोण तिला पदरात घेईल, असले हिशेब डोक्यात येत होते, आणि ते येतात म्हणून मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

संध्याकाळी लाली तिथंच होती. वाढली नव्हती. दुसऱ्या सकाळी ती खुणेच्या खाली होती, आणि तानी म्हणाली, "बाबा, भूक." कादरभाईनं कोणाकडून तरी शिंपले पाठवले होते. तिनं ते उशाशी मांडले होते.

पाय राहिला. अंगठा वाकत नाही, चालताना टाच जरा घासते, पण राहिला. लग्न झालं, पोरं झाली. त्या वर्षी हंगाम संपून आम्ही तिला घरी आणली तेव्हा सगळी वाडी बघायला आली, आणि गोष्ट आमच्या आधी पोचली होती. विहिरीवर बायका म्हणायच्या, भागीनं तेल लावून पोरीचा पाय घालवला असता. आमची म्हातारी मरेपर्यंत तिला ऐकवत होती. "आये कसली, कसायीण!" मी ताटावर बसलेला असायचो. भाकरीचा तुकडा मोडायचो आणि आमटीत बुडवायचो. एकदा तोंड उघडलं होतं. भागीरथीनं वाढता हात थांबवून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मीठ दे."

त्या हंगामापासून आंबा गळ्याखाली उतरत नाही. लोकांना वाटतं नवस आहे.

परवा तानी आली. आता ती स्वतः आजी आहे, नातीला घेऊन आली होती. पडवीत बसून पायाला तेल चोळत होती आणि नात विचारत होती, हा व्रण कसला. तानी हसत सांगत होती, "माझी आये भोळी होती. चीक समजून कढत तेल ओतलं, आणि आत काटा!" नातही हसली.

मी आरामखुर्चीत होतो. मी म्हणालो, "तेल मी लावलं होतं."

बोललो तेव्हा आवाज माझा वाटला नाही. तानीनं चोळायचं थांबवलं नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पाय माझा होता, बाबा. हात कोनाचा ते मला ठाव नसेल?"

"मग इतकी वर्षं तिचं नाव का घेतेस?"

"आयेनंच सांगितलं होतं. म्हणाली, तुझा बापूस आपणहून सांगेल. तोवर तू नको बोलू."

तिनं पाय पदरानं पुसला. मग तानी खाली बघूनच म्हणाली, "शेवटच्या दुखण्यात एकदा विचारलंन मला. तुमी बाहेर बसला होतात. हळूच म्हणाली, 'बोलले काय गो?'"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नाय अजून."